पुनर्विकास, वस्ती आणि संस्था: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वस्तीत मीटिंग घेतली की तेच प्रश्न येतात आणि रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर पण तेच येतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलंय. मी मुंबईच्या पूर्व उपनगरात बचत गटांबरोबर काम करते त्यामुळे मुंबईचे नियम जास्त आलेत, पुणे-सांगलीचं जेवढं माहितीय तेवढं लिहिलंय. नियम सारखे बदलतात, सही करायच्या आधी एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या) ऑफिसात जाऊन ताजं परिपत्रक विचारून घ्या.

सर्वसमावेशक विकास म्हणजे नक्की काय हो ताई?

बॅनरवर हा शब्द मोठा दिसतो पण आपल्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की बिल्डिंग उभी राहिल्यावर दहा वर्षांनी आपल्यातले किती जण तिथेच राहतायत आणि तिथेच कमावतायत. २०११ च्या जनगणनेत मुंबईतली ४० टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत राहत होती, म्हणजे दर पाचातली दोन माणसं, आणि पुनर्विकास म्हटलं की ह्याच लोकांच्या जमिनीवर शहर नव्याने उभं राहतं. मग जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला वाटा घरमालकालाच मिळतो की भाडेकरूला, इडलीवाल्या अण्णांना, जरीकाम करणाऱ्या पोरांना, एकट्या राहणाऱ्या आजीला पण मिळतो, हा सगळा प्रश्न आहे. टॉवर किती मजली झाला ह्यावरून काही कळत नाही.

बिल्डर आहे, एसआरए आहे, सोसायटी आहे, मग स्वयंसेवी संस्थेचं काम काय?

बिल्डर बांधतो, एसआरए परवानगी देते, सोसायटी सह्या करते. ह्यात वस्तीच्या बाजूने कागद वाचणारं, मोजणारं आणि विचारणारं कोणी नसतं, ते काम संस्था करतात. घरोघरचा सर्व्हे, नकाशा, कागदपत्रांची फाईल, बचत गट, कमिटीतल्या लोकांना प्लॅन वाचायला शिकवणं, ट्रान्झिटमध्ये, म्हणजे बांधकाम होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, गेलेल्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून धावपळ, आणि बिल्डिंग झाल्यावर सोसायटी चालवायला शिकवणं. हे शेवटचं काम सगळ्यात जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याला सगळ्यात कमी पैसे मिळतात. काही संस्था स्वतः बांधतात पण, मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्विकासाच्या नियमांत मालक, बिल्डर, सहकारी सोसायटी यांच्याबरोबर स्वयंसेवी संस्थेलाही योजना राबवता येते. स्पार्क ह्या संस्थेच्या मदतीने धारावीत राजीव-इंदिरा सोसायटीची बिल्डिंग अशीच उभी राहिली.

हे सुरू कुठून झालं?

मुंबईपुरतं बोलायचं तर भायखळ्याच्या फुटपाथवरून. नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, म्हणजे झोपडीवाल्यांची संघटना, सत्तरच्या दशकातलं, जॉकिन अर्पुथम यांनी उभं केलेलं. १९८४ मध्ये शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पार्क सुरू केली, युवा ही संस्था पण १९८४ चीच. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा ओल्गा टेलिस खटल्यातला निकाल आला, त्यात कोर्टाने म्हटलं की पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे पण फुटपाथवर राहायचा हक्क काही दिला नाही, रीतसर नोटीस देऊन हटवता येईल असंच ठरलं. तेव्हा सगळ्यांना वाटलं आता बुलडोझर येणार. त्याच वर्षी स्पार्कने फुटपाथवरच्या साधारण ६,००० कुटुंबांची मोजणी केली, कारण सरकारच्या कुठल्याच यादीत ही माणसं नव्हती.

पुढच्या वर्षी महिला मिलन, म्हणजे फुटपाथवरच्या बायकांच्या बचत गटांचं संघटन, उभं राहिलं. भायखळ्याच्या त्या बायकांनी आपल्याला कसं घर हवंय त्याचं पूर्ण मापाचं मॉडेल उभं करून लोकांना दाखवलं, १४ फूट उंचीचं, म्हणजे आत माळा काढता येईल. मला हे फार मोठं वाटतं, कारण आपल्याकडे आजही प्लॅन आधी बनतो आणि बाईला किल्ली देताना किचन दाखवतात.

आमच्याकडे एक संस्था आलीय, खरी आहे का कसं ओळखायचं?

आधी रजिस्ट्रेशन विचारा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदणी असते, कंपनी असेल तर कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली. वार्षिक अहवाल आणि ऑडिट मागा, खरी संस्था लगेच देते. पण कागद असला म्हणजे माणूस चांगला असं नाही, म्हणून मी तीन गोष्टी बघते. ह्यांनी आधी जिथे काम केलंय तिथल्या बायका फोनवर काय सांगतात, मीटिंग कामावर जाणाऱ्यांच्या वेळेला घेतात की दुपारी तीनला, आणि "बिल्डर कडून तुम्हाला काही मिळतं का" असं तोंडावर विचारल्यावर सरळ उत्तर देतात का. आणि कोणी कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा मागितला, किंवा "ओरिजिनल आमच्याकडे ठेवा, सेफ राहील" म्हणाला तर तिथेच नमस्कार करून निघा, मग तो संस्थेचा असो नाहीतर कमिटीचा. आमच्या ओळखीतल्या एका घराचं रेशनकार्ड असंच एका माणसाकडे चार वर्ष अडकलं होतं, त्या चार वर्षांत त्या घरात दोन लग्नं आणि एक मयत झालं आणि नावं कशीच बदलता आली नाहीत.

परिशिष्ट-२ म्हणजे काय आणि सगळे त्याच्या एवढं मागे का लागतात?

कारण तुमचं घर तिथेच ठरतं, बिल्डरच्या ऑफिसात नाही. परिशिष्ट-२ म्हणजे पात्र-अपात्र यादी. ती बिल्डर बनवत नाही, सक्षम प्राधिकारी बनवतो, जमीन कोणाची आहे त्यावरून पालिका, कलेक्टर ऑफिस किंवा म्हाडा. १ जानेवारी २००० च्या आधीपासून झोपडी आहे हे सिद्ध झालं तर फुकट घर, २००० नंतर १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर पैसे भरून. पुरावा म्हणजे त्या काळच्या मतदार यादीतलं नाव, लाईट बिल, फोटोपास, रेशनकार्ड, दुकान असेल तर गुमास्ता म्हणजे दुकानाचा परवाना.

आता गंमत नाही, दुःख बघा, की घर खरं आहे, माणूस खरा आहे, तीस वर्ष तिथेच राहतोय, पण मतदार यादीत "शिंदे"चं "शिदे" झालंय, लाईट बिल सासऱ्याच्या नावावर आहे, सासरे गावी वारले आणि दाखला काढलाच नाही, किंवा सर्व्हेच्या दिवशी घरातले सगळे गावाला होते आणि दारावर "बंद" असा शेरा पडला. असे लोक अपात्र होतात. खोटे पुरावे लावणारा कधी कधी पात्र होऊन जातो आणि हे बघून लोकांचा संस्थेवरचाच विश्वास उडतो.

म्हणून चांगली संस्था सरकारी सर्व्हेच्या आधी आपला सर्व्हे करते. गल्लीगल्लीतल्या बायकाच फिरतात, घराला नंबर, किती माणसं, कोण वर राहतं, कोण भाड्याने, कागद काय आहे काय नाही, आणि कमी असलेल्या कागदाच्या मागे सहा महिने आधीच लागतात. मग यादी लागली की आपली यादी बाजूला ठेवून नाव-नाव ताडून बघतात, आणि ज्याचं नाव गळलं त्याची हरकत मुदतीच्या आत जाते. मुदत गेली तर अपील असतं पण तिथे तारखा पडत राहतात, रोजंदारीवाल्याला दर तारखेला खाडा करणं परवडत नाही. यादी लागली आहे हे कळायलाच उशीर होतो बऱ्याचदा, ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेला कागद वस्तीतल्या कोणाला दिसणार, म्हणून रोज एकीने जाऊन नोटीस बोर्डाचा फोटो काढायचा अशी आम्ही पाळीच लावली होती.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो / भाड्याने राहतो, आम्हाला काय मिळणार?

खरं सांगायचं तर नेहमीच्या एसआरए योजनेत बहुतेक वेळा काहीच नाही. तळमजल्याची झोपडी मोजली जाते, वरचा मजला मोजला जात नाही, आणि भाडेकरूचं तर नावच कुठे येत नाही. मीटिंगमध्ये हे स्पष्ट सांगणारी संस्था लोकांना आवडत नाही पण खोटी आशा लावण्यापेक्षा ते बरं. धारावीच्या सध्याच्या योजनेत २००० पर्यंतच्या पात्र कुटुंबांना धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर आहे, आणि २००० नंतरच्यांना, वरच्या मजल्यावाल्यांना काहीतरी घर देऊ असं पहिल्यांदा कबूल केलंय, पण ते धारावीच्या बाहेर, काहींना पैसे भरून, काहींना भाड्याने. आता ज्याचं काम धारावीत, गिऱ्हाईक धारावीत, त्याला लांब घर देऊन उपयोग काय, हा प्रश्न तिथले लोक विचारतायत आणि तो बरोबरच आहे.

संस्था इथे काय करू शकते? भाडेकरूंचीही नोंद ठेवणं, म्हणजे ही माणसं होती ह्याचा कागद राहतो. आणि सोसायटीत आधीच ठराव करणं की वस्ती खाली करताना भाडेकरूला अमुक महिने आधी सांगायचं, डिपॉझिट परत द्यायचं. छोटी गोष्ट वाटते पण शाळेचं वर्ष अर्धवट असताना आठ दिवसांत घर खाली करायला लागलेली पोरं मी बघितलीत.

घर कोणाच्या नावावर होतं? नवरा म्हणतो माझ्याच नावावर होणार.

नाही होत. एसआरएच्या नियमात झोपडीधारकाबरोबरचा करारनामा नवरा-बायको दोघांच्या नावाने करायचा असतो. हे कमिटी बऱ्याचदा सांगत नाही. करारनाम्याच्या दिवशी स्वतः हजर राहा, आधारवरचं नाव आणि करारातलं नाव अक्षर-अक्षर जुळवून बघा. नवऱ्याने सोडलेल्या, विधवा किंवा आईच्या घरात राहणाऱ्या बायकांनी तर पहिल्या दिवसापासून संस्थेला धरून ठेवा, कारण दीर-भाऊ नेमके तेव्हाच गावावरून येतात.

बचत गटाचा पुनर्विकासाशी काय संबंध? रोज १० रुपये टाकून घर थोडंच होतं?

घर होत नाही, पण रोज एक बाई प्रत्येक दारात जाते, कोण आजारी आहे, कोणाचं काम सुटलंय, कोणाकडे नोटीस आलीय हे तिला माहीत असतं. महिला मिलनने हीच पद्धत लावली, पैशाबरोबर खबर गोळा होते. बिल्डरचा माणूस जेव्हा "तुमच्या शेजारणीने सही केलीय, तुम्हीच राहिलात" असं प्रत्येकीला वेगवेगळं सांगतो तेव्हा ह्याच गटात दहा मिनिटांत खरंखोटं होतं. आता संमती ५१ टक्क्यांची लागते, आधी ७० ची लागायची, म्हणजे अर्ध्या वस्तीला न विचारता पण गाडी पुढे जाऊ शकते. गट मजबूत असेल तर निदान त्या सह्या वाचून झालेल्या असतात. आणि हो, ट्रान्झिटचं भाडं थकलं तर दोन महिने सावरायला तीच बचत कामाला येते.

भाड्यावरून आठवलं, बिल्डरने भाडं बंद केलं तर?

हे सगळीकडे झालंय. आता एसआरएने दोन वर्षांचं भाडं बिल्डरने आधीच जमा करायचं असा नियम आणलाय, वस्ती खाली करायच्या आधी तो भरणा झाला का ते लेखी मागा. लेखी मिळाल्याशिवाय सामान हलवू नका. बंद झालंच तर एकेकट्याने बिल्डरच्या ऑफिसात जाऊन भांडू नका, सगळ्यांच्या थकबाकीचा एक तक्ता करून एसआरएकडे तक्रार द्या, पोच घ्या. असा तक्ता करायला संस्था मदत करतात.

माझं दुकान आहे, वहिनी पापड लाटते, भाऊ गाडी लावतो. ह्याचं काय?

पुनर्विकासात घराचा विचार सगळे करतात, धंद्याचा विचार शेवटी होतो, आणि माझ्या मते अर्ध्या योजना इथेच बिघडतात. पात्र दुकानाला २२५ चौरस फुटांपर्यंत जागा मिळते, पण घरातच चालणारा धंदा कुठल्याच रकान्यात बसत नाही. पापड वाळवायला गच्ची लागते, कुंभाराला भट्टी आणि अंगण लागतं, भंगारवाल्याला माल टाकायला जागा लागते, ते पंधराव्या मजल्यावर कसं होणार.

मुंबईत एकदा ह्याची मोठी किंमत मोजावी लागलीय. एमयूटीपी नावाच्या, वर्ल्ड बँकेच्या पैशाच्या रेल्वे-रस्ते प्रकल्पात रेल्वे रुळांलगतची हजारो कुटुंबं हलवली गेली, त्यात फेडरेशनने आणि स्पार्कने लोकांकडूनच सर्व्हे करून घेतला, लोक स्वतःहून शिफ्ट झाले, जगभरातून बघायला माणसं आली. पण सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडच्या बाजूला कुर्ल्यातल्या दुकानदारांना आपला धंदा मारला जातोय असं वाटलं, त्यांनी २००४ मध्ये थेट वर्ल्ड बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रार केली, चौकशी झाली आणि २००६ मध्ये बँकेने रस्त्याच्या आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे काही महिने थांबवले. एकाच प्रकल्पात झोपडीवाल्यांची मोजणी नीट झाली आणि दुकानदारांचं ऐकायला पॅनेल यायला लागलं. म्हणून सर्व्हेच्या फॉर्ममध्ये "घरात काय काम चालतं, महिन्याला किती मिळतात, माल कुठे ठेवता" हा कॉलम पाहिजेच, नसेल तर भांडून घालून घ्या.

गाडीवाल्या भावासाठी वेगळा कायदा आहे, २०१४ चा फेरीवाल्यांचा. त्यात नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात निदान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले आणि निदान १० टक्के संस्थांचे. वस्ती पाडली की नाका पण हलतो, तेव्हा ह्या समितीत जागा मागायची असते.

बिल्डिंग झाली की संस्था निघून जाते, असं का?

कारण फंड देणाऱ्याला फीत कापलेला फोटो मिळाला की प्रोजेक्ट संपतो. आणि खरा त्रास तिथून सुरू होतो. लिफ्ट बंद, पंपाचं बिल थकलं, कचऱ्याची गाडी आत येत नाही, मेंटेनन्स कोणी भरत नाही. वस्तीत कधीच न भरलेलं बिल एकदम दर महिन्याला येतं आणि ज्याचा धंदा गेलाय तो ते भरणार कुठून. मुंबईच्या बांधकामाच्या नियमावलीप्रमाणे (डीसीपीआर २०३४) बिल्डरने दर घरामागे ठरावीक पैसे ठेवायचे, त्याच्या व्याजातून मेंटेनन्सला हातभार लागावा म्हणून, ते सोसायटीच्या खात्यात आलेत का हे बहुतेक ठिकाणी कमिटीलाच माहीत नसतं. तसंच कुटुंबांच्या संख्येप्रमाणे बालवाडी आणि कल्याण केंद्राची जागा असते, ती कोणाच्या तरी ऑफिससाठी जाते. बालवाडीची खोली पहिल्याच महिन्यात बालवाडी म्हणून चालू करा, एकदा कुलूप लागलं की परत उघडत नाही.

तब्येतीचं पण आहे. डॉक्टर्स फॉर यू ह्या संस्थेने गोवंडी-मानखुर्दमधल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड ह्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला होता, २०१८ मध्ये बाहेर आला. बिल्डिंगा एकमेकींना एवढ्या चिकटून की खालच्या मजल्यांवर ऊन नाही वारा नाही, आणि अशा घरांत टीबीचं प्रमाण जवळच्याच मोकळ्या वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. ह्याला म्हणतात संस्थेचं काम, बिल्डिंग झाल्यावर परत जाऊन दार वाजवणं. प्लॅन दाखवतील तेव्हा दोन बिल्डिंगांतलं अंतर विचारा, टाईल्सचा रंग नंतर विचारा.

टॉवरशिवाय दुसरा रस्ताच नाही का?

आहे, पुण्यात येरवड्याला करून दाखवलाय. केंद्राच्या बीएसयूपी ह्या शहरी गरिबांसाठीच्या योजनेत, साधारण २००९ पासून, महिला मिलन, स्पार्क आणि आर्किटेक्ट प्रसन्न देसाई यांनी वस्ती न पाडता आहे त्या जागेवर घरं बांधली. पक्की घरं तशीच ठेवली, कच्चीच तेवढी नवी केली, साधारण २७० चौरस फुटांची, तळमजला अधिक एक किंवा दोन, गल्ली तीच, शेजारी तेच. जागा फार लहान असेल तर दोन-तीन शेजारी मिळून एकत्र बांधायचे. लोकांनी १० टक्के पैसे स्वतः घातले. अडचणी खूप आल्या, अरुंद गल्लीत रेती कशी न्यायची इथपासून, पण ओटा राहिला, शिवणाचं मशीन दारात राहिलं. मुंबईत जमिनीच्या भावामुळे हे कोणी ऐकून घेत नाही, मला मात्र वाटतं की छोट्या शहरांनी मुंबईची नक्कल करायच्या आधी येरवडा बघून यावं.

सांगली-मिरजमध्ये पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सने असंच आधी सगळ्या वस्त्यांचे जीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवरचे नकाशे केले, घर-घर नकाशावर, मग कुठे घरं कुठे ड्रेनेज ते ठरवलं. त्यांचं घर तिथे टॉयलेट हे काम पण ह्याच नकाशांवर चालतं.

संस्थेला पैसा कुठून येतो?

देणग्या, फाउंडेशन, सरकारी योजना, आणि कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचा निधी, कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये झोपडपट्टी विकास हा विषय आहेच. परदेशातून पैसे घ्यायचे तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, तेव्हा परदेशातल्या नातेवाइकांनी मदत पाठवायच्या आधी संस्थेला ते विचारून घ्यावं. त्याच जागेवर बांधणाऱ्या बिल्डरचा सीएसआर संस्थेने घेतला तर? माझं स्पष्ट मत, त्या वस्तीत घेऊ नये. शाळेला कॉम्प्युटर दिले तरी नाही, कारण उद्या भाडं थकल्यावर तीच संस्था तक्रार लिहायला बसेल का.

पहिल्या मीटिंगला येताना काय आणू?

सगळ्या कागदांच्या झेरॉक्सचे दोन सेट, ओरिजिनल फक्त दाखवायला आणि परत घरी न्यायला. जुनी लाईट बिलं फेकू नका, फाटलेलं असेल तरी आणा, पत्र्याच्या पेटीत तळाशी बघा, बहुतेक तिथेच असतं. घरातल्या सगळ्यांची नावं आधारवर जशी आहेत तशी एका कागदावर लिहून. वर कोणी राहत असेल तर त्यांनाही बरोबर घेऊन या. आणि सासूबाईंना आणा, १९९५ ला शेजारी कोण होतं हे त्यांनाच आठवतं.